अकरा टवके, एक चरा

दसऱ्यासाठी गाडी धुवायला घेतली की वर्षभराचं दुर्लक्ष एकदम डोळ्यांसमोर येतं. एरवी मी चाकणहून मोशीला पोचते तेव्हा अंधार पडलेला असतो आणि सकाळी निघताना घाई असते. नवरात्रातल्या शनिवारी बादली घेऊन पार्किंगमध्ये उतरले, चिखल निघाला आणि बॉनेटवर अकरा टवके मोजले. तळेगाव-चाकण रस्त्यावर पुढच्या कंटेनरच्या चाकाखालून उडालेल्या खडीचे. मागच्या दारावर वीतभर चरा, कुणाच्या तरी मोटारसायकलच्या हँडलचा. बंपरचा कोपरा खरवडलेला, तो माझ्याच हातून, पार्किंगच्या खांबाला घासून. गाडी नऊ वर्षांची, रंग चंदेरी.

माझे मामा चाळीस वर्षं भोसरीत डेंटिंग-पेंटिंगचं काम करत आले आहेत. मी चाकणला बंपर रंगवणाऱ्या एका कारखान्यात रंग तपासते. दोघांचा धंदा रंगाचाच, पण मत सहसा जुळत नाही. त्या दिवशी मामा-मामी फराळाला आले होते आणि वादाला निमित्त झाली माझ्या हातातली बोटभर बाटली.

"हे काय आणलंस?"

"टच-अप. दाराच्या खांबावर स्टिकर असतो ना, त्यावरचा कोड दाखवून घेतलं."

मामांनी बाटली हलवली. आतली गोळी खडखडली. "कोड म्हणजे जन्मदाखला. नऊ वर्षांच्या पोराला कपडे घ्यायला जन्मदाखला घेऊन जातेस का? पोराला नेतेस."

"पण मामा, कोडशिवाय सुरुवात कुठून करणार? नुसतं 'सिल्व्हर' म्हटलं तर दुकानदार पन्नास सिल्व्हर दाखवेल."

"सुरुवात कर की. पण सुरुवातीलाच शेवट समजू नकोस. एका कोडचे चार-पाच प्रकार निघतात. कुठली गाडी कुठल्या कारखान्यातून, कुठल्या महिन्यात निघाली, तसा एखादा जरा निळसर, एखादा जरा करडा. रंगाचं दुकान चांगलं असेल तर तो पत्त्यांच्या कॅटसारखी कार्डं काढतो आणि एकेक गाडीला लावून बघायला सांगतो. तू लावून बघितलंस?"

नव्हतं बघितलं. मी बाटली घेतली होती आणि घरी आले होते.

मामा भोसरीला आले तेव्हा आकुर्डीत बजाजच्या स्कूटर बनत होत्या आणि पिंपरीत टेल्कोचे ट्रक. त्यांचा हात बसला तो लोकांच्या जुन्या चेतकवर. गाडीच्या रंगाला ते अजून 'ड्युको' म्हणतात. अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीने १९२०च्या दशकात झटपट सुकणारा नायट्रोसेल्युलोजचा रंग या नावाने बाजारात आणला. तो रंग कधीच मागे पडला, पण नाव आमच्या पट्ट्यातल्या गॅरेजांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलं. त्या काळच्या रंगात चमक रंगातच असायची. वर वेगळं काचेसारखं क्लिअर कोट नसे. पांढऱ्या फडक्यावर कंपाउंड घेऊन घासलं की फडकं गाडीच्या रंगाचं व्हायचं. आजही एखाद्या गाडीवर क्लिअर आहे का, हे बघायला मामा हेच करतात: दाराच्या कडेला, दिसणार नाही अशा जागी, फडकं घासून. फडक्याला गाडीचा रंग लागला नाही तर वर क्लिअर आहे.

आकुर्डीतलं उत्पादन २००७मध्ये थांबलं, २००९मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला उभा राहिला, गाड्यांची गर्दी नाशिक रस्त्याने उत्तरेला सरकली आणि मामांच्या दारात येणाऱ्या गाड्यांवर धातूचे आणि मोत्याचे रंग वाढत गेले. अडचण तिथून वाढली, असं ते म्हणतात. मला वाटतं खरी कारागिरीही तिथूनच सुरू झाली.

"तुमच्याकडे ते यंत्र आहे ना," मामा म्हणाले, "रंगाला लावलं की आकडा सांगणारं."

"आहे. एकाच जागेचं पाच कोनांतून मोजमाप घेतं. पंधरा अंशांपासून एकशे दहापर्यंत. मास्टर पॅनेलपासून फरक किती, तो आकड्यात. फरक एकच्या आत असला की बहुतेक माणसांच्या डोळ्याला कळतही नाही."

"मग नवी कोरी गाडी घे. शोरूमबाहेर उन्हात उभी कर. बंपर आणि फेंडर जिथं मिळतात तिथं बघ. मला फरक दिसतो. तुझ्या आकड्याला दिसत नाही?"

हा टोमणा मी दर सणाला ऐकते आणि दर वेळी मला तो लागतो, कारण त्यात तथ्य आहे. गाडीचा पत्रा आधी रसायनाच्या हौदात बुडतो, विजेच्या साहाय्याने त्यावर गंजरोधक थर चढतो आणि तो १७० अंशांच्या आसपास भाजला जातो. मग अस्तर, मग रंग, मग क्लिअर, पुन्हा भट्टी, ती १४० अंशांची. प्लास्टिकचा बंपर या भट्टीत घातला तर वाकून जाईल. म्हणून तो वेगळ्या कारखान्यात, वेगळ्या रसायनाच्या रंगाने रंगतो आणि ८० अंशांच्या आसपास सुकतो. दोन कारखाने, दोन रंग, दोन भट्ट्या, आणि ग्राहकाच्या डोळ्यांपुढे ते एका इंचावर शेजारी येतात. त्या इंचासाठी आमच्या विभागात माणसं दिवसरात्र राबतात. मी मामांना हे सगळं पुन्हा सांगितलं.

"म्हणजे एवढी यंत्रं, भट्ट्या, इंजिनिअर असून इंचभरात जुळवायला तुम्हाला घाम फुटतो. आणि तू पार्किंगमध्ये बसून ब्रशने जुळवणार!"

"मी जुळवणार असं म्हणालेच नाही."

मामा थांबले. रंगवाल्याला हे वाक्य जरा विचित्र वाटणारच.

तेवढ्यात मामी चहा घेऊन खाली आल्या. त्यांनी दोघांचं थोडं ऐकलं आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघं एवढं शिकलेले, पण पिंपरी कॅम्पात कुठल्याही मॅचिंगवाल्याला विचारा ना. साडी घेऊन गेलं की मी ट्यूबखाली कापड बघतच नाही. दुकानाच्या उंबऱ्यापाशी येते, साडी आणि ब्लाउजपीस उजेडात धरते. आत एकसारखे दिसणारे बाहेर भाऊबंद पण नसतात."

यावर तर पुस्तकं लिहिली गेली आहेत. दोन रंग वेगवेगळ्या द्रव्यांच्या मिश्रणातून बनलेले असले तर एका उजेडात ते सारखे दिसतात आणि दुसऱ्या उजेडात फुटून वेगळे होतात. आमच्याकडे त्यासाठी उजेडाची पेटी असते: एक बटण दाबलं की दिवसासारखा उजेड, दुसरं दाबलं की दुकानातल्या ट्यूबचा, तिसरं दाबलं की पिवळ्या बल्बचा. तिन्हींत जुळला तर पास. मामी हे काम उंबऱ्यावर उभं राहून करतात. घरी टच-अप करणाऱ्याने एवढं जरी घेतलं तरी निम्म्या चुका टळतील. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये, पांढऱ्या एलईडीखाली, रंग कधी ठरवू नये.

"आणि धूपछाव कापड?" मामी म्हणाल्या. "त्याला तर कुठलाच ब्लाउज मिळत नाही. इकडून बघितलं की हिरवं, तिकडून बघितलं की जांभळं."

"हां!" मामांनी मांडीवर थाप मारली. "सिल्व्हर म्हणजे तेच. अगदी तेच. मी हिला सांगत होतो ते हेच."

धूपछावीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून कोन बदलला की रंग बदलतो. चंदेरी रंगात अॅल्युमिनियमचे अतिसूक्ष्म पत्रे असतात. मिठाईवरच्या चांदीच्या वर्खाचा चुरा करून पातळ रंगात सोडला आहे असं समजा. ते कण पृष्ठभागाला समांतर, आडवे निजले तर समोरून आरशासारखे उजळतात आणि बाजूने गडद होतात. वेडेवाकडे पडले तर समोरून मळकट दिसतात आणि बाजूने उजळ. बाटलीतला रंग तोच, कोड तोच, पण कण कसे निजले यावर सगळं ठरतं.

"गनने मारताना," मामा हाताने हवेत दाखवू लागले, "हात लांब ठेवला, हवा वाढवली, तर रंग कोरडा पडतो. कण वरच्यावर आडवे बसतात. उजळ. हात जवळ नेला, ओला हात मारला, तर कण आत बुडतात, फिरतात. काळपट. मी एकाच डब्यातल्या रंगाने तुला तीन शेड काढून दाखवतो. बाटलीच्या ब्रशने तू काय करणार? जाड थेंब ठेवणार. त्यात कण पोहत बसणार. सुकल्यावर तिथं डाग दिसेलच."

"दिसेल. दाराच्या चऱ्यावर नक्कीच दिसेल, कारण तो वीतभर लांब आहे. म्हणून दार मी तुमच्याकडेच आणणार आहे."

"आणि मी तरी जुळवतो असं समजतेस का?"

हे मला त्यांच्याकडून कधी ऐकायला मिळालं नव्हतं.

"कुणीच जुळवत नाही, पोरी. मी कडा लपवतो. चऱ्यावर रंग मारतो, मग पुढे पुढे हात हलका करत नेतो. रंग विरत जातो. नवीन कुठं संपला, जुना कुठं सुरू झाला, ही रेघच राहत नाही. गरज पडली तर पुढच्या दारावरही थोडा नेतो. आणि क्लिअर मात्र पूर्ण दारावर, कडेपासून कडेपर्यंत. डोळ्याला दोन रंग शेजारी दिसले की तो भांडतो. मधे रेघच ठेवली नाही की गप बसतो. याला ब्लेंडिंग म्हणतात. नवीन पोरं मशीनचा फॉर्म्युला घेऊन येतात, थेट चऱ्यापुरता चौकोन मारतात आणि मग म्हणतात फॉर्म्युला चुकला. फॉर्म्युला बरोबर असतो. चौकोन चुकलेला असतो."

मग त्यांनी दारासाठी काय करायचं ते सांगितलं. आधी गाडी धुऊन कंपाउंडने घासायची, कारण वर्षांचा धुरळा आणि उन्हाने मेलेला थर असताना रंग जुळवला तर मळाशी जुळतो. मग पेट्रोलच्या टाकीचं बाहेरचं झाकण सोडवून रंगाच्या दुकानात न्यायचं. ते सुटं निघतं, खिशात मावतं आणि गाडीइतकंच ऊन-पाऊस खाल्लेलं असतं. दाराच्या आतल्या कडेशी रंग कधी जुळवायचा नाही, तिथे ऊन पोचत नाही आणि तो रंग अजून तरुण असतो. दुकानात काट्यावर ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत मोजून रंग बनतो. तो एका कार्डावर मारायचा, त्यावर क्लिअर मारायचं, सुकू द्यायचं आणि मगच बघायचं. ओल्या रंगावर निकाल द्यायचा नाही. कार्डाला मधोमध भोक पाडून ते गाडीवर धरायचं, म्हणजे भोकातून जुना रंग आणि भोवती नवा. पहिल्या दोन-तीन सेकंदांत जे वाटेल ते खरं. टक लावून बघत बसलं की डोळा थकतो आणि सगळंच जुळायला लागतं.

मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. कारखान्यात आठ वर्षं काढून पेट्रोलच्या झाकणाची युक्ती मला माहीत नव्हती.

"आता टवके," मी म्हटलं. "अकरा टवक्यांसाठी पूर्ण बॉनेट रंगवू? कंपनीने भट्टीत भाजलेला थर घासून काढू?"

"बॉनेट नीट दिसायचं असेल तर हो."

"मला नीट दिसायला नकोय. मला ते गंजायला नकोय."

आमचा खरा वाद इथे होता आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. मामांच्या लेखी दिसणारी दुरुस्ती म्हणजे अर्धी दुरुस्ती, गाडीचा आणि कारागिराचा अपमान. मी रोज बंपरवर बारीकशी धूळ अडकली म्हणून माल परत पाठवते, तरीही स्वतःच्या गाडीपाशी मला निराळी गोष्ट दिसते. सगळे थर मिळून जाडी एक दशांश मिलिमीटरच्या आसपास. टवका उडतो तेव्हा खडी बहुधा अस्तरापर्यंत पोचते आणि कधी पत्र्यापर्यंत. आत राखाडी दिसलं तर अस्तर शाबूत आहे, वेळ आहे. चकचकीत किंवा तांबूस दिसलं तर पाणी पत्र्याला लागलं. मग गंज रंगाखालून चारी बाजूंना पसरतो, कडा फुगतात, पोपडे निघतात, आणि मिरीएवढ्या जागेचं काम तळहाताएवढं होतं. चाकणच्या पावसाळ्यात चार महिने हे चालू असतं. विम्याकडे जाऊन यावर दावा करणं शहाणपणाचं नाही. दाव्याशिवाय पहिल्या वर्षी २० टक्के आणि पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत मिळणारी सवलत त्यापायी जाते. म्हणून बहुतेक लोक काहीच करत नाहीत. दिसणार नाही इतकं चांगलं जमणार नसेल तर हातच लावायचा नाही, या विचाराने आमच्या सोसायटीतल्या किती गाड्यांची बॉनेटं गंजली आहेत ते मी रोज बघते.

"शिवाय एवढ्याशा ठिपक्यात डोळा रंग नीट ओळखतच नाही," मी म्हटलं. "काळपट की उजळ, एवढंच कळतं. ठिपका जागेपुरता राहिला तर चार हातांवरून जातो. लोक बिघडवतात ते ब्रशने आजूबाजूला फासून."

"ब्रश नकोच," मामा नकळत म्हणाले. "काडेपेटीची काडी तासून टोक कर."

"बघा! तुम्हाला येतं."

ते हसले नाहीत. त्यांनी माझ्या पिशवीत डोकावून दुसरी वस्तू बाहेर काढली. क्लिअरचा फवाऱ्याचा डबा, ज्याच्या बुडाशी बटण दाबलं की आतला हार्डनर मिसळतो.

"हा इथं, पार्किंगमध्ये मारणार होतीस?"

"रुमाल बांधून..."

"मी पण रुमालच बांधायचो."

मामांना जिन्याचे दोन मजले चढताना थांबावं लागतं. त्यांच्या उमेदीच्या काळात बंद खोलीत, पंखा न लावता रंग मारायची रीत होती, धूळ बसू नये म्हणून. हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची द्रव्यं असतात. त्यांचा बारीक फवारा श्वासातून गेला की दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराला त्यांचं वावडं झालं की पुढे अगदी थोड्यानेही त्रास होतो. कापडाचा रुमाल किंवा साधा मास्क त्याला अडवत नाही. आमच्या कारखान्यात फवाऱ्याच्या खोलीत बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा घातल्याशिवाय कुणाला जाऊ देत नाहीत. हे मला पाठ होतं, मी नव्या मुलांना शिकवते, आणि तरी पोरं सायकली खेळतात त्या पार्किंगमध्ये मी तो डबा फवारणार होते. घरचं काम म्हटलं की आपण स्वतःला नियमांतून सूट देतो. त्या क्षणी मला फार लाज वाटली, आणि मामांचा घरच्या रंगकामाला एवढा विरोध का, तेही पहिल्यांदाच कळलं. तो डबा मी परत केला.

"आणि आज काहीच करायचं नाही," उठता उठता ते म्हणाले. "हवेत पाणी आहे. रंग पांढुरका पडेल."

दसऱ्याला बॉनेटवर झेंडूचं तोरण आलं आणि बरेच टवके त्याखाली गेले. दार मामांनी पुढच्या आठवड्यात केलं. कडेपासून कडेपर्यंत. मी यंत्र घेऊन गेले होते, मोजलं. जुन्या आणि नव्या भागात पंधरा अंशांच्या कोनावर आकडा आमच्या हद्दीच्या बाहेर होता. डोळ्याने शोधायला गेले तर मला जागा सापडेना. बंपरचा कोपरा तसाच ठेवला. प्लास्टिक गंजत नाही आणि तो खांब अजून तिथेच आहे.

दिवाळीआधीच्या रविवारी, ऑक्टोबरचं ऊन बॉनेटवर यायच्या आत, सातला सुरुवात केली. पत्रा तापला की रंगाचा थेंब पसरायच्या आधीच कातडी धरतो. टवके साबणाने धुतले, वाळवले. दोनांत तांबूस दिसलं, तिथे सुईने गंज खरवडून अस्तराचा थेंब ठेवला. मग सगळ्यांत तासलेल्या काडीने रंग, टवक्याच्या कडेच्या आतच. एक पातळ हात, अर्धा तास थांबायचं, पुन्हा एक. बाटली दर वेळी मिनिटभर हलवायची, कारण वर्ख तळाशी बसतो. दुपारी गाडी सावलीत लावून ब्रशच्या बाटलीतल्या साध्या, बिनहार्डनरच्या क्लिअरचा थेंब, जरा उंचवटा राहील असा. आठवडाभर सुकू दिलं आणि मग २००० नंबरचा पाण्याचा पेपर पेन्सिलच्या मागच्या रबराला गुंडाळून फक्त उंचवटा घासला. आजूबाजूचं कंपनीचं क्लिअर साधारण ४०-५० मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षा पातळ. एक जास्तीचा हात फिरला तर ते संपतं. शेवटी कंपाउंड, मऊ फडक्याने.

मामा भाऊबीजेला आले. चहाच्या आधी खाली गेले. बॉनेटपुढे उकिडवे बसले, मग उठून बाजूने बघितलं, मग लांब जाऊन.

"अकरापैकी नऊ दिसतात मला."

"मला पाच."

"तुझ्या नवऱ्याला?"

"त्याला मी दाखवले तेव्हा दोन दिसले."

"याला रंगकाम म्हणायचं नाही."

"नाही म्हणत."

ते वाकून काचेच्या वर, छपराच्या पुढच्या कडेकडे बघत होते. बॉनेट मोजताना तिकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. तिथे एक बारावा टवका होता आणि आत पत्रा चकाकत होता. त्यांनी अंगठ्याने त्यावरची धूळ पुसली, खिशातून चष्मा काढला.

"काडी आण," ते म्हणाले. "आणि ती बाटली नीट हलव आधी."